रेघ आणि तीन टिंबं

५ नोव्हेंबर १९८६

आमच्या मंडळाचे कार्यवाह शेवाळेसाहेब फराळ घेऊन आले होते. मी ख्रिस्ती आहे हे ठाऊक असून दर दिवाळीला येतात, आणि दर दिवाळीला चकल्या मऊ असतात. यंदा चकल्यांबरोबर आणखी एक गोष्ट आणली होती, ती मात्र जाईपर्यंत खिशात ठेवली. दारात चपला घालता घालता म्हणाले, "बरं का मिस पाटोळे, रौप्यमहोत्सवी अहवालाचे तक्ते यंदा झुंबर करतेय. कॉम्प्युटरवर. तुम्हाला आता कशाला त्रास?"

त्रास! पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर आमच्या मंडळाची केंद्रं आहेत. तिथे बाळांची वजनं होतात, जन्म-मृत्यूची नोंद होते आणि ते कागद नाशिकला येतात. बावीस वर्षं त्या कागदांचे तक्ते आणि आलेख मी केले. काळी शाई, जर्मन पेन, प्रत्येक प्रमाण दोन दशांश स्थळांपर्यंत. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्ट म्हणायच्या, पूर्णांकाशी थांबतो तो आळशी. मी कधी थांबले नाही.

आणि आता झुंबर पगारे. निफाडची पोरगी, बी.कॉम., वडील ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. मी निवृत्त झाल्यापासून माझ्या जागेवर दोन वर्षं टेंपररी आहे. नाव झुंबर, आणि बोलते मात्र अशी की पणतीएवढाही उजेड पडू नये.

साहेब गेल्यावर सगळ्या चकल्या पुतळाबाईला दिल्या. माझा स्वयंपाक ती करते. म्हणाली, "राग चकलीवर का हो काढता?"

११ नोव्हेंबर

ऑफिसात गेले. ग्रंथालयाचं पुस्तक परत करायचं होतं आणि ऑफिस वाटेत लागतं. फार वाटेत नाही, पण लागतं.

माझं टेबल खिडकीपासून हलवलंय. तिथे आता मुंबईच्या देणगीदारांनी दिलेलं ते यंत्र. त्याला ऊन लागू नये म्हणून पडदा लावलाय. मला बावीस वर्षं ऊन लागलं तेव्हा कोणाला पडदा सुचला नाही.

झुंबर उठून उभी राहिली. "बाई, या ना! बघा, आकडे हवे तसे दाखवता येतात. दशांश हवे तर दशांश, नको तर नको."

एक कळ दाबली आणि पडद्यावरचे सगळे दशांश एकदम गेले. पतंगाचा मांजा कापावा तसे.

"कुठे गेले?" मी विचारलं.

"आत आहेत. फक्त दिसत नाहीत."

"म्हणजे लपवलेस."

हसली. तिला वाटलं मी गंमत केली. शिवाय यंत्र स्वल्पविराम इंग्रजांसारखे देतं, तीन-तीन आकड्यांवर. एक लाख वीस हजार हे एकशे वीस हजार दिसतात. हे पेठच्या बायकांना वाचून दाखवणार का, म्हटलं. तर म्हणाली, "त्यांच्यासाठी दुसरं केलंय," आणि मला हॉलमध्ये नेलं.

भिंतीवर माझा मोठा आलेख असायचा. तो उतरवून कपाटामागे ठेवलाय, तोंड भिंतीकडे. त्या जागी झुंबरने पुठ्ठे लावलेत, आणि पुठ्ठ्यांवर टिकल्या. हो, कपाळाला लावायच्या टिकल्या. एका बाळाला एक. जिवंत ते लाल, गेलं ते काळं. एका केंद्राची एक ओळ. ओळीही सरळ नाहीत.

"ही आकडेवारी आहे की हळदीकुंकू?" मी म्हटलं.

मीटिंगला आलेल्या केंद्रांवरच्या चार-पाच सेविका पुठ्ठ्यापाशी उभ्या होत्या, बोट ठेवून आपापल्या टिकल्या मोजत होत्या. त्यांतल्या एकीनेही माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

१६ नोव्हेंबर

चर्चहून आले तर झुंबर ओट्यावर बसलेली. पिशवीत कांदापात आणि गुळाची ढेप. लाच देताना सुद्धा शेतातलंच द्यायचं.

चहा दिला. काय ते सांग, म्हटलं.

तिने माझे जुने अहवाल काढले. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेले, प्रत्येकावर वर्ष लिहिलेलं. "बाई, तुमच्या तक्त्यांत शून्य कुठेच नाही. कुठे आडवी रेघ, कुठे तीन टिंबं. त्यात फरक काय? मला मशीनमध्ये घालायचंय."

फरक काय! रेघ म्हणजे विचारून, खात्री करून, एकही नाही. तीन टिंबं म्हणजे माहितीच आलेली नाही. आणि 'एकही नाही' आणि 'माहीत नाही' यांना एकच शून्य देणं म्हणजे खोटं बोलणं. हे मी स्वतः बसवलं होतं. पाड्यांवर जाऊन एकेका सेविकेला शिकवलं होतं: मूल गेलं नसेल तर रेघ ओढा, जागा कोरी सोडू नका. कोरी आली तर मी समजेन की तुम्ही काही सांगितलेलंच नाही.

हे सगळं जिभेवर आलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "साहेब म्हणाले, बाईंना कशाला विचारतेस, मशीन आपोआप करतं. पण मला वाटलं विचारावं."

साहेब म्हणाले!

"सजावट होती ती," मी म्हटलं. "रिकामं बरं दिसत नाही म्हणून. तुझं मशीन करतंय ना आपोआप? करू दे."

"नक्की, बाई?"

"मी काय खोटं बोलते?"

गेली बिचारी. बिचारी कसली. दहा वर्षांनी मंडळी म्हणतील, तक्ते ना, ते झुंबरबाईंनी सुरू केले.

गूळ चांगला आहे.

२६ नोव्हेंबर

आज जे पाहिलं ते चपला न काढताच लिहायला बसले आहे. आनंदाने.

अहवालाची प्रुफं पाहायला म्हणून गेले. कोणी बोलावलं नव्हतं. झुंबर प्रेसमध्ये गेली होती. टेबलावर यंत्राचा लांबलचक कागद, आणि शेजारी पाड्यांवरून आलेले मूळ कागद.

यंत्राच्या कागदावर आंबेपाडा केंद्र, सेविका भागीबाई. वर्षात जन्म ४१, मृत्यू ०, शेकडा ०. खाली लाल पेन्सिलीने शेवाळेसाहेबांच्या अक्षरात, 'शून्य बालमृत्यू केंद्र. सत्कार. शाल, श्रीफळ, साडी.'

मूळ कागद पाहिला. जन्म ४१. मृत्यूचा रकाना कोरा.

भागीबाईला रेघ मी शिकवली आहे. चुलीपुढे बसून कोळशाने जमिनीवर ओढून दाखवली होती. इतक्या वर्षांत तिने एकदाही रकाना कोरा सोडलेला नाही. काहीतरी राहिलंय. आणि कोऱ्या जागेचं त्या यंत्राने बिनदिक्कत शून्य केलंय, आणि शून्याचा सत्कार ठरलाय. मुंबईचे पाहुणे येणार, फोटो निघणार.

मी कागद होते तसे ठेवले.

समारंभ चौदा डिसेंबरला. शेवटी 'कोणाला काही बोलायचं आहे का' असं विचारतातच. मग मी उठेन. फार बोलायचं नाही. "अध्यक्षमहाशय, ज्या केंद्राची माहितीच आलेली नाही, त्याचा सत्कार कोणत्या नियमाने झाला?" एवढंच. मग पाहू यंत्राला पडदा कोण लावतं.

घरी येताना मासे घेतले.

२ डिसेंबर

पुतळाबाईने पकडलं. आरशापुढे उभी राहून मी ते वाक्य म्हणून पाहत होते.

"कोणाची फजिती करायला निघालात?"

"मी फक्त प्रश्न विचारणार आहे."

"आमच्या गल्लीतली गंगू पण फक्त प्रश्नच विचारायची. तिच्या सुनेने विहीर जवळ केली."

हिला उत्तर देण्यात अर्थ नाही. वाक्यातलं 'अध्यक्षमहाशय' काढून टाकलं, लांबण लागत होती.

८ डिसेंबर

पेपरात फोटो. माझा नव्हे. 'टिकल्यांतून बोलणारी आकडेवारी', आणि शेजारी झुंबर दात काढून उभी. खाली लिहिलंय की निरक्षर महिलांनाही समजेल अशी ही 'अभिनव कल्पना'. म्हणजे बावीस वर्षं कोणाला काही समजलंच नव्हतं! एकदा एका डॉक्टरांनी माझ्या आलेखाला 'नीटनेटका' म्हटलं होतं. तेवढंच.

बातमीत तिने म्हटलंय, 'पाटोळेबाईंच्या कामावर मी उभी आहे.' उभी आहे, हे बरोबर आहे. पाय माझ्या डोक्यावर आहेत.

समारंभात तिला कायम करणार आहेत म्हणे. साहेबच व्यासपीठावरून जाहीर करणार. करू देत. चौदा तारखेला माझाही एक प्रश्न आहे.

१२ डिसेंबर

संध्याकाळी सुरगाण्याच्या एसटीने भागीबाई आली. नाशिकला आली की ती माझ्याकडेच उतरते, पहिल्यापासून. आता मंडळात मी नाही, तरी इथेच आली. थकलीय. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकतात.

भाकरी खाताना विचारलं, "सत्काराचं पत्र मिळालं ना?"

"मिळालं. मास्तरनं वाचलं. पर बाई, कशाचा सत्कार?"

मी तिच्या ताटात आणखी भाजी वाढली. मग म्हटलं, "तुझ्या केंद्रात या साली एकही मूल गेलं नाही म्हणून."

तिचा हात ताटातच थांबला. पुतळाबाई पाणी घेऊन आली होती, तीही थांबली.

"कोन म्हनलं?"

"तुझ्या कागदावरून."

"मी नाय लिवलं तसं." तिने बांगड्या मनगटावर खाली ओढल्या. मग म्हणाली, "माझ्या लेकीचं गेलं. आखाडात. नदीला पानी, डोलीत घालून न्यायला मानसं नव्हती. आट दिसांचं व्हतं."

पुतळाबाईच्या हातातलं पाणी घेऊन मी भागीपुढे ठेवलं. 

"समद्यांची पोरं मी लिवली, बाई. बुधाचं लिवलं, मंगळूचं लिवलं. ह्या साली आमचंच एक. रेघ वढवना, खोटी व्हती. आन् एक बी लिववना. मंग कोरी सोडली." भाकरीचा तुकडा मोडून तिने पुन्हा ताटात ठेवला. "रूथबाईला कळंल म्हनलं."

"मी आता तिथे नसते, भागी."

"माहीत हाय. तरी बी."

तिला माझी शाल दिली. तो रकाना मी पाहिला होता हे सांगितलं नाही. त्याचा काय उपयोग?

१३ डिसेंबर

सकाळी ऑफिस उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसले. अहवाल छापून आले होते, बांधलेले गठ्ठे. झुंबर सायकलवरून आली, तिच्यामागून आत गेले.

"आंबेपाड्याचं शून्य काढायचं," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. रेघ, तीन टिंबं, कोरी जागा, आणि भागीबाईचं.

ती खुर्चीत बसली नाही, जमिनीवरच बसली. म्हणाली, "बाई, तुम्ही सजावट म्हणाला होतात."

म्हणाले होते. बी.कॉम. झालेल्या मुलीला टोमणा कळू नये?

"मी उद्या त्यांना स्टेजवर चढवणार होते," ती म्हणाली. "शाल घालायला मलाच उभं करणार होते साहेब."

आणि रडायला लागली. माझ्याकडे स्वच्छ रुमाल होता. दिला. परत घेतला नाही.

शेवाळेसाहेब दहाला आले. ऐकलं आणि म्हणाले, "अहो, छापून झालंय. पाहुणे उद्या येणार. एका शून्याने काय होतंय? उलट चांगलं दिसतंय. बाईला शाल मिळेल, आनंद होईल तिला."

त्यानंतर मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. एवढंच की पलीकडच्या खोलीतला टाइपरायटर थांबला. "शेवाळे," म्हटलं, साहेब म्हटलं नाही, "तुमच्या नातवाचं बारसं याच हॉलमध्ये झालं. त्याच्या जागी चांगलं दिसणारं शून्य लावू का?"

मग ते झुंबरकडे वळले. चूक तिची, कायम करण्याचं पुढे पाहू, वगैरे सुरू झाले.

"तिची कशी?" मी म्हटलं. "खुणांचे नियम माझ्या डोक्यात होते. बावीस वर्षांत मंडळाने ते कोणाला शिकवायला मला सांगितलं? मी गेले तेव्हा घड्याळ दिलंत. नियम मागितलेत?"

हे मी त्या मुलीसाठी बोलले नाही. मंडळाचा कारभारच तसा आहे, आणि खरं ते खरं. साहेबांनी यंत्राचा पडदा उगाच सारखा केला. मग म्हणाले, "सत्कार रद्द. बाकी उद्याचं उद्या." उद्याचं उद्या म्हणजे कायम करणार, हे मला ठाऊक आहे. त्यांना माघार घेताना वाक्य पूर्ण करता येत नाही.

दुपारी भागीबाईला बोलावून घेतलं. झुंबर तिच्यासमोर पाय दुमडून बसली आणि आपल्या बोलीत, निफाडच्या, काहीतरी हळू बोलली. मला सगळं ऐकू आलं नाही. "तुमी म्हनाल तर टिंबं ठेवू," एवढं ऐकलं. "टिंबं म्हणजे सांगितलं नाही. कोनी इचारणार नाय."

भागीबाईने माझ्याकडे पाहिलं.

"तू सांगशील तसं," मी म्हटलं.

"लिवा," ती म्हणाली. "आलं व्हतं, तर लिवा."

माझा पेन पर्समध्ये होता. असतोच. ब्लेडने शून्य हलक्या हाताने खरवडायचं, नखाने कागद घोटायचा, मग त्यावर लिहायचं. असं एकेका प्रतीवर. झुंबर पानं उघडून देत होती. मृत्यूच्या रकान्यात मी लिहिलं, 1. छापलेले आकडे इंग्रजी, म्हणून इंग्रजी.

पुढे शेकडा प्रमाणाचा रकाना होता. झुंबरने आधीच हिशेब करून ठेवला होता. "२.४४, बाई. दोन दशांश. तुमच्यासारखं."

पेन टेकवला. भागीबाई शेजारी बसून पाहत होती. तिला अंक वाचता येतात.

"नको," मी म्हटलं. "एक पुरे."

त्या रकान्यातलं शून्य खरवडलं आणि तशीच जागा ठेवली. सिस्टर बेनेडिक्ट असत्या तर हातावर पट्टी बसली असती.

१४ डिसेंबर

समारंभ झाला. भाषणं लांबली. झुंबरला कायम केल्याचं जाहीर झालं, टाळ्या झाल्या. मला गुलाबाचं फूल. 'कोणाला काही बोलायचं आहे का' असं विचारलं, तेव्हा मी बसून राहिले.

चहाच्या वेळी सगळ्या बाया पुन्हा त्या टिकल्यांपाशी. अहवाल एकीनेही उघडला नाही. मी एकटी प्रत मांडीवर घेऊन बसले होते, ते पान काढून. माझा 1 छापल्यासारखा दिसतो. कोणाला कळणारही नाही.

भागीबाई पुठ्ठ्यासमोर गेली. आंबेपाड्याची ओळ, सगळ्या लाल. तिने बोट फिरवत नेलं.

"ह्यात आमचं कोनतं?"

"तुमी सांगा, आत्या," झुंबर म्हणाली.

भागीबाईने बराच विचार केला. मग कडेची नव्हे, मधली एक दाखवली, दोन्हीकडे शेजार असलेली. झुंबरने ती नखाने काढली आणि काळी टिकली भागीबाईच्या हातात दिली. तिने ती लावली आणि अंगठ्याने दाबून धरली. चहा निवेपर्यंत दाबून धरली.

माझे तक्ते बावीस वर्षं निघाले. त्यांत एक आकडा चुकीचा दाखवा. पण त्यांच्यासमोर उभं राहून 'ह्यात आमचं कोणतं' असं कोणी कधी विचारलं नाही. आणि ही काल आलेली पोरगी, तिच्या वाकड्या ओळींत—

राहू दे. डोकं दुखतंय.

१७ डिसेंबर

भागीबाई परवा गावी गेली. शाल तिच्याकडेच राहिली.

झुंबर संध्याकाळी येऊन गेली. यंत्राला रेघ आणि तीन टिंबं छापायला शिकवलंय म्हणे. मला जे बसवायला वर्ष लागलं ते एका दुपारीत. कागद दाखवला. बरा आहे. टिंबं जरा विरळ आहेत, ते सांगितलं. रोज दुपारी येऊन बसाल का, म्हणाली. बघू, म्हटलं.

पुतळाबाईला भद्रकालीच्या बाजारातून टिकल्यांची पाकिटं आणायला सांगितली होती. लाल आणि काळी. आणली, आणि माझ्या कपाळाकडे बघत उभी राहिली.

"आता पाद्री काय म्हनतील?"

"तू भाजी बघ."

त्या मुलीला सरळ ओळ कशी असते ते एकदा दाखवायला हवं, इतकंच. माझा जुना आलेख साहेबांकडून परत मागून आणला, त्याच्या पाठीवर पट्टीने आखून घेतलं. १९६२ चा तक्ता समोर ठेवला. पहिलंच केंद्र, पेठच्या बाजूचं. मृत्यू शेकडा २.१७. हा आकडा मी लिहिला तेव्हा शाई वाळेपर्यंत फुंकर घातली होती, ते आठवतं. ते मूल कोणाचं, ते आठवत नाही. कधी विचारलं नव्हतं.

जन्म शेहेचाळीस. म्हणजे एक.

पंचेचाळीस लाल लावून झाल्या. काळीसाठी मध्ये जागा ठेवली आहे.